तुम्ही विचारलंत : या महिन्यात सगळं मॅग्नेशियम

मागच्या अंकात झोपेवर लिहिताना मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा मी एका ओळीत उल्लेख केला होता, तेवढ्यावरून इतके मेल आले की म्हटलं या वेळी दुसरं काही घ्यायलाच नको. बरेच प्रश्न एकसारखे होते, ते एकत्र केलेत. नावं छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

ताई, मी ४१ वर्षांचा, आयटीत आहे. रात्री दोन वाजेपर्यंत झोप नाही, सकाळी उठलं की अंग जड. रील्सवर जिकडे बघावं तिकडे मॅग्नेशियम, ३०० एन्झाइम्सना लागतं वगैरे. म्हणून टेस्ट करून घेतली, सीरम मॅग्नेशियम २.० आलं, लॅबने नॉर्मल लिहिलंय. आता जिममधला मित्र म्हणतो हा रिपोर्ट काही उपयोगाचा नाही, पेशीत कमी असू शकतं. हे खरंय का गोळ्या खपवायचा धंदा? — पुणे

मित्र म्हणतो ते खरंय, आणि धंदाही त्याच खऱ्या गोष्टीवर चाललाय, म्हणून जरा नीट सांगते.

मोठ्या माणसाच्या अंगात मिळून साधारण २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं. त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांत, उरलेलं बहुतेक स्नायूंत आणि बाकीच्या पेशींत, आणि रक्तातल्या पाण्यासारख्या भागात, म्हणजे तुमच्या लॅबने जे मोजलं तिथे, एक टक्कासुद्धा नाही. आणि हा जो एवढासा वाटा आहे तो शरीर फार जपतं, कारण रक्तातला आकडा हलला की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यामुळे आत तुटवडा पडला तरी हाडांतून काढून, किडनीतून वाचवून रक्तातली पातळी सांभाळली जाते. उंबऱ्यापाशी सांडलेले दाणे मोजून कणगीत किती ज्वारी आहे ते सांगण्यातला प्रकार आहे हा. म्हणून नियम एवढाच, की आकडा कमी आला (साधारण १.७ च्या खाली) तर तो गंभीरपणे घ्यायचा, नॉर्मल आला तर त्यावरून फार काही ठरवायचं नाही. आणि नॉर्मल आला म्हणजे पेशीत कमीच असणार, असंही ठरत नाही, इथेच तुमचा मित्र एक पायरी गाळतोय.

आता पेशीत ते करतं काय. ३०० एन्झाइम्स (पेशीतली रासायनिक कामं घडवून आणणारी प्रथिनं) हे वाक्य खरं असलं तरी त्यातून काही कळत नाही, कोणाचं पोट भरतं अशा आकड्याने? मला स्वतःला यातली एटीपीची गोष्ट सगळ्यात आवडते. एटीपी म्हणजे पेशीची खर्चायची ऊर्जा, एक माणूस दिवसभरात साधारण स्वतःच्या वजनाच्या आसपास एटीपी बनवतो आणि मोडतो, तेच तेच रेणू पुन्हा पुन्हा वापरून. या एटीपीला तीन फॉस्फेटची शेपटी असते, त्या सगळ्यांवर ऋण भार, म्हणजे एकमेकांना ढकलणारे. मॅग्नेशियमवर दोन धन भार असतात, ते त्या फॉस्फेटांच्या मध्ये जाऊन बसतं, शेपटी शांत होते आणि मग एन्झाइमला ती नीट धरता येते. जवळजवळ सगळी एन्झाइम्स नुसत्या एटीपीला ओळखतच नाहीत, त्यांना मॅग्नेशियम लागलेलं एटीपीच लागतं. तर जिथे जिथे पेशीत ऊर्जा खर्च होते, सोडियम बाहेर पोटॅशियम आत करणारा पंप असो, स्नायूचं आकुंचन असो, साखर मोडायची पहिली पायरी असो, तिथे मॅग्नेशियम असणारच. शिवाय डीएनएची नक्कल करणाऱ्या एन्झाइमच्या गाभ्यात ते असतं, आणि प्रथिनं बनवणारे रायबोसोम त्याच्याशिवाय एकत्र टिकत नाहीत. म्हणून पेशीतलं मॅग्नेशियम मोकळं असं फार थोडं असतं, बहुतेक सगळं कुठे ना कुठे कामाला लागलेलं.

दुसरी गोष्ट कॅल्शियमशी असलेल्या वैराची. पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्या दहा हजार पट कमी ठेवलेलं असतं, आणि ते जरा आत आलं की पेशी त्याला इशारा समजते, स्नायू आखडतो, मज्जापेशी पुढच्या पेशीला निरोप देते. मॅग्नेशियम या येण्याला आडवं येतं. मेंदूत एनएमडीए नावाचे रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचे निरोप घेणारे दरवाजे, आहेत, पेशी निवांत असताना त्यांच्या छिद्रात मॅग्नेशियमचा कण अडकून बसलेला असतो आणि कॅल्शियमला वाट मिळत नाही, पेशी पुरेशी चेतवली गेली की तो बाजूला होतो. मॅग्नेशियम खूप कमी झालं की हात थरथरणं, स्नायू फडफडणं, फारच झालं तर झटके येणं, हे यातूनच समजतं.

पण आता तुमच्या प्रश्नाकडे. ही रचना इतकी मूलभूत आहे म्हणून गोळी घेतली की झोप लागेल, असं होत नाही हो. पुरेसं असलेल्या पेशीत आणखी ओतून पंप जास्त जोरात चालत नाही. झोपेवरचे अभ्यास झालेत पण छोटे छोटे, त्यांच्यावर मी पैज लावणार नाही. रात्री दोनपर्यंत जाग असण्याचं कारण आधी स्क्रीन, कॉफी, अमेरिकेच्या वेळेचे कॉल यात शोधा. गोळी घेऊन बघायचीच असेल आणि किडन्या ठीक असतील तर बघा, नुकसान सहसा पोट ढिलं होण्यापलीकडे जात नाही.

मॅडम नमस्कार. सासूबाई ६८, बीपी आहे, पाणी काढणारी गोळी चालू, आणि ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल कित्येक वर्षं रोज उपाशीपोटी. दोन महिने अशक्तपणा, ओठांभोवती मुंग्या, पोटरीला वांब, आणि परवा बीपी मोजताना पट्टा आवळला तर हाताची बोटं एकदम आखडली, आम्ही घाबरलोच. पोटॅशियम कमी, कॅल्शियम कमी. पोटॅशियमचं औषध दिलं, सलाईनमधून दिलं, चार दिवसांनी परत कमी. कॅल्शियमच्या गोळ्यांचंही तेच. एक डॉक्टर म्हणाले वयामुळे. नक्की काय चाललंय? — बार्शी

या महिन्यातलं सगळ्यात महत्त्वाचं पत्र हेच, आणि ताई, हे वाचून होताच आधी त्यांचं सीरम मॅग्नेशियम करून घ्या, अंक हातात घेऊन बसू नका. वरती मी म्हटलं की नॉर्मल रिपोर्टला अर्थ नाही, पण इथे तो बहुतेक कमीच येईल असं वाटतंय, आणि साधी, स्वस्त टेस्ट आहे. सोबत ईसीजी.

पोटॅशियम दिलं तरी टिकत नाही आणि कॅल्शियम दिलं तरी चढत नाही, हे दोन्ही एकाच माणसात दिसलं की डोक्यात पहिलं नाव मॅग्नेशियमचं यायला पाहिजे. का ते सांगते. किडनीच्या शेवटच्या नळ्यांमध्ये पोटॅशियम लघवीत सोडणारे चॅनल असतात. पेशीत मॅग्नेशियम पुरेसं असलं की ते आतून या चॅनलना अडवून धरतं, म्हणजे पोटॅशियम बेताने जातं. मॅग्नेशियम घटलं की अडवणारं कोणी नाही, वरून तुम्ही कितीही पोटॅशियम द्या, खालून लघवीतून वाहून जातं. कॅल्शियमचं वेगळं. रक्तात कॅल्शियम कमी झालं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच हे हॉर्मोन सोडतात आणि ते हाडांतून, किडनीतून कॅल्शियम परत मिळवतं. मॅग्नेशियम फार कमी झालं की या ग्रंथी हॉर्मोन नीट सोडत नाहीत, आणि जे थोडं सुटतं त्याला हाडं दाद देत नाहीत. मग कॅल्शियमच्या गोळ्यांचे डबे रिकामे होतात, आकडा तिथेच. ओठांच्या मुंग्या आणि पट्टा आवळल्यावर बोटं आखडणं ही कॅल्शियम कमी असल्याची जुनी, पाठ्यपुस्तकातली खूण आहे, तुम्ही ती नेमकी लिहून पाठवलीत म्हणून बरं झालं. कोणी वयावर ढकललं तर ऐकून घेऊ नका.

मग मॅग्नेशियम गेलं कुठे? तुमच्या पत्रातच दोन संशयित आहेत. पाणी काढणारी गोळी किडनीतून मॅग्नेशियम घालवते. किडनी रोज साधारण २४०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम गाळते आणि त्यातलं जवळपास सगळं परत घेते, लघवीत जेमतेम १०० च्या आसपास जातं, त्यामुळे परत घेण्यात थोडी जरी ढिलाई झाली तरी हिशेब लवकर तुटीत जातो. दुसरी ती ॲसिडिटीची गोळी. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल, सगळा हाच गट. यांनी आतड्यातून मॅग्नेशियम शोषलं जाणं कमी होतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०११ साली याबद्दल इशारा काढला होता, बहुतेक केसेस वर्षाहून जास्त गोळी घेणाऱ्यांच्या, आणि त्यांनी तपासलेल्या केसेसपैकी साधारण पाव केसेसमध्ये नुसतं मॅग्नेशियम देऊन भागलं नाही, ॲसिडिटीची गोळी बंद करावी लागली. आपल्याकडे ही गोळी मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणून लोक दहा-दहा वर्षं घेतात, पेनकिलरसोबत पोट बिघडू नये म्हणून सुरू झालेली, पेनकिलर कधीच संपली तरी ही चालूच. मला याचा राग येतो, गोळीचा नाही, तिला कोणी कधी थांबवत नाही याचा.

पण स्वतःहून बंद करू नका. एक तर एकदम थांबवली की आम्लपित्त उसळतं, दुसरं म्हणजे रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा पूर्वी अल्सर झाला असेल तर ती गोळी खरंच लागते. फिजिशियनकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या आणि थेट विचारा की हिची अजून गरज आहे का, बीपीची गोळी बदलता येईल का, मॅग्नेशियम शिरेतून द्यायचं का तोंडाने. आणि बोटं पुन्हा आखडली, छातीत धडधडलं, चक्कर आली, तर ॲडमिट करा, त्या वेळी वाट बघायची नाही. बऱ्याच जणांचं मॅग्नेशियम भरून निघालं की पोटॅशियम आणि कॅल्शियम मागोमाग आपोआप चढायला लागतं.

यात आणखी दोन गट येतात, त्यांची पत्रं आली होती म्हणून इथेच सांगते. साखर वाढलेली असली की लघवीतून साखरेबरोबर मॅग्नेशियमही जातं, आणि इन्शुलिनचा निरोप पेशीत पोचवणाऱ्या रिसेप्टरला मॅग्नेशियम लागतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी अडचण. आणि रोज दारू घेणारे, त्यांचं खाणं कमी, उलट्या-जुलाब, किडनीतून गळती, सगळं एकत्र.

वय ७२. रात्री पोटरीत गोळा येतो. मुलाने मॅग्नेशियम आणून दिलंय. फरक पडेल का? — सांगली

काका, बहुतेक नाही. वयस्क माणसांच्या रात्रीच्या वांबांवर झालेले अभ्यास कॉक्रेनच्या (औषधांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) लोकांनी एकत्र करून बघितले, २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये, आणि मॅग्नेशियमने म्हणावा असा फायदा दिसला नाही. (अंगात खरंच कमी असेल तर गोष्ट वेगळी, वरचं पत्र वाचा.) झोपण्याआधी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा, गोळा आला की पायाचा पंजा स्वतःकडे ओढा. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगा.

वहिनीला आठव्या महिन्यात बीपी १६०/११० झालं, डोकं दुखत होतं, डोळ्यांपुढे चमकायला लागलं. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने दोन्ही कुल्ल्यांवर दोन जाड इंजेक्शनं दिली आणि जिल्ह्याला पाठवलं. कागदावर मॅगसल्फ लिहिलंय. तिला अंग भाजल्यासारखं वाटत होतं. तिथे परत चालू ठेवलं आणि नर्स सारखी गुडघ्यावर हातोडी मारून बघत होती. आता आई आणि बाळ बरे आहेत, पण हे मॅग्नेशियमच होतं का, आणि एवढं का? — नंदुरबार

हो, तेच, मॅग्नेशियम सल्फेट. आणि त्या सिस्टरला माझ्याकडून नमस्कार सांगा, तिने अगदी बरोबर केलं.

गरोदरपणात बीपी वाढून झटके येतात त्याला एक्लॅम्पसिया म्हणतात, त्यात आई जाऊ शकते, बाळही. ते टाळायला मॅग्नेशियम सल्फेटइतकं चांगलं औषध नाही आणि गंमत म्हणजे ते अतिशय स्वस्त आहे. १९९५ सालच्या मोठ्या चाचणीत झटके आलेल्या बायकांमध्ये ते डायझेपाम आणि फेनिटॉइन या झटक्यांवरच्या दोन्ही औषधांपेक्षा सरस ठरलं, आणि २००२ साली मॅगपाय नावाच्या चाचणीत, ३३ देशांतल्या साधारण दहा हजार बायकांमध्ये, झटके येण्याचा धोका निम्म्याहून कमी झाला. पहिला डोस प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅम असा खोल इंजेक्शनने देऊन मग पुढे पाठवायचं, हे आपल्याकडे प्राथमिक पातळीवरच्या सिस्टरना शिकवलेलंच असतं, कारण रुग्णवाहिकेत झटका आला तर काय करणार. अंग भाजल्यासारखं होणं म्हणजे रक्तवाहिन्या सैल होतात, त्याने घाबरायचं नाही.

हातोडीचं कारण असं, की उपयोगी पातळी आणि धोक्याची पातळी यात अंतर फार नाही. रक्तात मॅग्नेशियम जास्त चढलं की आधी हातोडी मारल्यावर गुडघा उडायचा थांबतो, आणखी चढलं तर श्वास मंदावतो. म्हणून दर डोसच्या आधी गुडघा, श्वास आणि लघवी किती झाली ते बघतात, कारण बाहेर टाकायचा रस्ता एकच, किडनी. चढलंच तर कॅल्शियम ग्लुकोनेट हा उतारा, तो शेजारी तयार ठेवलेला असतो. वर कॅल्शियमशी वैर म्हटलं होतं ना, तेच इथे कामाला येतं. आपल्या बायकांची वजनं कमी म्हणून कमी डोसच्या पद्धतीही निघाल्यात, ढाक्याची पद्धत प्रसिद्ध आहे. पण कुठली वापरायची ते तिथल्या डॉक्टरांवर सोडा.

ऑक्साइड, सायट्रेट, ग्लायसिनेट, थ्रीओनेट, कुठलं घेऊ? बाटलीवर १००० मिलिग्रॅम लिहिलंय, जास्त नाही ना होणार? — दुबई

बाटलीवरचे १००० बहुतेक त्या संयुगाचं वजन असतं. ग्लायसिनेटमध्ये मॅग्नेशियम साधारण १४ टक्के, म्हणजे १००० मध्ये १४० च्या आसपास. सायट्रेटमध्ये १६ टक्क्यांच्या जवळ. ऑक्साइडमध्ये ६० टक्के, पण ते शोषलं जातं कमी आणि पोट जास्त साफ करतं. लेबलवर एलिमेंटल (म्हणजे नुसत्या मॅग्नेशियमचा) म्हणून वेगळा आकडा दिलाय का बघा, नसेल तर ती बाटली मी घेणार नाही. बद्धकोष्ठ असेल तर सायट्रेट, पोट नाजूक असेल तर ग्लायसिनेट, इतकंच. थ्रीओनेट मेंदूत पोचतं म्हणून तिप्पट किमतीला विकतात, ते बरंचसं उंदरांवरच्या कामावर उभं आहे. गोळ्यांमधून मोठ्यांनी दिवसाला ३५० मिलिग्रॅमच्या वर स्वतःहून जाऊ नये, ही अमेरिकेतली मर्यादा आहे, युरोपची २५० आहे. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर एकही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि पोट साफ करायचं ते पांढरं मिल्क ऑफ मॅग्नेशियासुद्धा यातच येतं, लोकांना ते औषधच वाटत नाही.

गोळ्या नकोत, खाण्यातून सांगा. आणि आरओमुळे पाण्यातलं मॅग्नेशियम जातं म्हणतात. — छत्रपती संभाजीनगर

खाण्यातून भागवणं आपल्याला जड नाही, जर भाकरी सोडली नसेल तर. मोठ्यांची रोजची गरज ३०० ते ४५० मिलिग्रॅमच्या दरम्यान धरा. ज्वारी, बाजरी, नाचणी, गव्हाची कणीक यांत १०० ग्रॅमला साधारण १२० ते १५०. पॉलिश केलेल्या तांदळात २० च्या आसपास, मैद्यातही असंच कमी, कारण कोंड्याबरोबर मॅग्नेशियमही जातं. म्हणजे जो माणूस दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, उसळ, मूठभर शेंगदाणे, तिळाची नाहीतर कारळ्याची चटणी आणि पालेभाजी खातो त्याला रील्स बघायची गरज नाही, आणि जो सकाळी ब्रेड, दुपारी भात, संध्याकाळी पाव खातो त्याने थोडं बघावं. भोपळ्याच्या बियांमध्ये ३० ग्रॅमला १५० च्या पुढे असतं, पण ऑनलाइन महागडं पाकीट कशाला, लाल भोपळा आणलात की बिया फेकू नका, धुऊन वाळवून भाजा. राजगिराही चांगला, उपासाचा म्हणून बाजूला ठेवू नका. पालेभाजी उकडून पाणी टाकून दिलं तर बरंचसं त्यातच जातं. धान्य-कडधान्यात फायटेट असतं ते थोडं मॅग्नेशियम धरून ठेवतं, मोड आणले किंवा आंबवलं की ते कमी होतं, तर मटकीची उसळ आणि नाचणीची आंबील यांना पर्याय शोधायला जाऊ नका.

पाण्याचं म्हणाल तर तुमच्याकडच्या काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी बहुतेक जड असतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम दोन्ही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मॅग्नेशियम लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानलंय, दुसरा स्रोत नसेल तर १०० पर्यंत. तीन लिटर असं पाणी प्यालात तर ९० मिलिग्रॅम, हे काही अगदीच किरकोळ नाही, आणि आरओने ते जवळजवळ सगळं जातं हे खरं. पण बोअरमध्ये नायट्रेट किंवा फ्लोराइड असेल तर आरओ काढून टाकायचा शहाणपणा करू नका. आधी पाणी तपासा. नगरपालिकेचं गोड पाणी येत असेल तर आरओ मुळात लागतोच का, हा प्रश्न विचारा.

एप्सम सॉल्टमध्ये पाय बुडवून बसले तर मॅग्नेशियम कातडीतून आत जातं का? छान वाटतं मात्र. आणि मला थायरॉइडची गोळी चालू आहे, मॅग्नेशियम घेतलं तर चालेल ना? — डोंबिवली

एप्सम हे इंग्लंडमधलं गाव, तिथल्या झऱ्याच्या पाण्यातून हे मीठ काढायचे, म्हणजे तेच आपलं मॅगसल्फ. कातडीतून पुरेसं आत जातं असा नीट पुरावा नाही. छान वाटतं ते गरम पाण्यामुळे आणि अर्धा तास कोणी हाक मारत नाही म्हणून, तर बसा की खुशाल, मधुमेह असेल तर पाणी हाताने बघून घ्या, पाय भाजतात आणि कळत नाही. पोट साफ व्हावं म्हणून पाण्यात घालून पिऊ मात्र नका.

थायरॉइडची गोळी आणि मॅग्नेशियम एकत्र पोटात गेलं तर ती गोळी नीट शोषली जात नाही. चार तासांचं अंतर ठेवा, सकाळी थायरॉइडची आणि रात्री जेवणानंतर हे. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखी अँटिबायोटिक्स सुरू झाली तर तेवढे दिवस मॅग्नेशियम बंदच ठेवा, आणि मॅग्नेशियम सुरू केल्यावर थोड्या आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) एकदा करून घ्या.